पावतीवर ‘मदत’ लिहायचं की ‘हिशोब’

प्रकरण तसं एवढंसं आहे. महिना 3,600 रुपयांचं काम, एकाच घरी 11 वर्षं, आणि 9 दिवसांचं आजारपण. याची बातमी कोणी छापणार नाही आणि कोर्टात तर हे उभंच राहात नाही, का राहात नाही ते पुढे येईलच. पण घरकामगारांच्या कायद्यावर इतक्या मीटिंगा करून, इतक्या मोर्चांत चालून मला जे नीट कळलं नव्हतं ते या एका भानगडीत कळलं, म्हणून सगळं लिहून ठेवतेय. नावं कुणाचीच घेत नाही. काम करणाऱ्या बाईंना मावशी म्हणते, त्या घरातल्यांना मॅडम आणि साहेब. सोसायटी कोथरूडला, बास एवढं.

मावशी मूळच्या धाराशिवकडच्या, लग्न होऊन पुण्यात आलेल्या, नवरा गवंडी, टेकडीच्या कडेच्या वस्तीत एक खोली. सकाळी साडेसातला बाहेर पडायचं, पाच घरं उरकून दीड-दोनला परत. या घरचं काम म्हणजे भांडी, केर-फरशी, मशीनमधले कपडे वाळत घालून आदल्या दिवशीच्यांच्या घड्या. 2012 ला 1,100 रुपयांवर धरलं होतं, 2023 ला 3,600 झालेले, दर दिवाळीला मागितल्यावर दोनशे-अडीचशे वाढायचे, न मागता एकदाही नाही. मॅडमची मुलगी दुसरीत होती तेव्हापासूनचं घर, तिची बारावीची मार्कं मावशींना तोंडपाठ. हे मुद्दाम सांगतेय कारण "आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवायचो" हे वाक्य पुढे येणारे.

ऑगस्ट 2023 ला मावशींना डेंग्यू झाला. 22 तारखेपासून 30 तारखेपर्यंत खाटेवर, त्यातले चार दिवस सरकारी दवाखान्यात. मुलीने पहिल्याच दिवशी फोन करून कळवलं, मॅडम म्हणाल्या काळजी घे गं आईची. 31 ला मावशी भिंतीला धरत धरत कामाला गेल्या तर गेटवर वॉचमन म्हणाला की मावशी, त्या फ्लॅटने तुमचं नाव अॅपवरनं काढलंय. म्हणजे काढून टाकल्याचं सांगायला पण माणूस नाही, गेटच्या अॅपवर एक बटण दाबलं की झालं. फोन केला तर मॅडम म्हणाल्या अहो किती दिवस थांबणार, सासूबाईंचं सगळं बघायला लागतं, दुसरी लावली, तुमचे दिवस धरून पैसे पाठवते. आणि पाठवले, 2,520. नऊ दिवसांचे 1,080 कापून. गणित अगदी चोख.

रविवारी संध्याकाळी वस्तीतल्या समाजमंदिरात आमच्या घरकामगार संघटनेची बैठक असते तिथे मावशी आल्या. रडल्या वगैरे नाहीत. त्यांचा एकच प्रश्न होता, "ताई, अकरा वर्सात एकदा पडले आजारी, तर काढत्यात व्हय? अन् काढलं तर काढलं, पर असं?"

आता या प्रश्नाला कायद्याने काय उत्तर आहे ते बघा. मी वकील नाही पण एवढी वर्षं हेच करतेय, तर माझ्याकडे उत्तर असायला हवं की नाही. कारखान्यातल्या माणसाला असं काढलं तर तेव्हा औद्योगिक विवाद कायदा होता, पण घरकामाला त्यात कोणी उद्योग धरत नव्हतं. (नवीन श्रम संहिता नोव्हेंबर 2025 ला लागू झाल्या, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत तर ‘उद्योग’ कशाला म्हणायचं नाही त्या यादीत घरगुती सेवा असं स्पष्टच लिहिलंय, म्हणजे आधी निदान वाद घालायला जागा होती ती पण गेली.) ग्रॅच्युइटी कायदा तेव्हा 1972 चा होता, पण तो निदान दहा माणसं कामाला असतील तिथला. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, असता तर आजारपणाचे पैसे मिळाले असते, तो पण घराला लागू नाही. किमान वेतन? कर्नाटकाने 2004 मध्येच घरकामाचे दर ठरवून दिले, मग आणखी काही राज्यांनी, महाराष्ट्राच्या किमान वेतनाच्या यादीत घरकाम नव्हतंच. राहिला आपला स्वतःचा कायदा, महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम 2008. त्याच्यावर नंतर येते, तो एक वेगळाच विषय आहे.

तर मावशींना काय सांगणार? सांगितलं की कायद्यात नाहीये काही, पण बघू. हे "पण बघू" म्हणजेच खरं तर पुण्यातल्या घरकामगार चळवळीची चाळीसेक वर्षं.

त्या बैठकीत एक आजी होत्या, पासष्टीच्या पुढच्या, आता काम सुटलंय पण बैठकीला येऊन बसतात. त्या मध्येच म्हणाल्या, आमच्या येळंला पन आजारपनावरनंच पेटलं हुतं. आणि खरंय ते. 1980 मध्ये पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. आधी संघटना आणि मग संप असं नाही, उलटं. आजारी पडलेल्या एका बाईच्या बाबतीत मालकांनी जे केलं त्यावरून बायका काम टाकून बाहेर पडल्या, एकीचं बघून दुसरी, रस्त्यारस्त्याने फिरत घराघरातल्या बायकांना हाका मारत, आणि मग लाल निशाण पक्षाची मंडळी मदतीला आली आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या काय होत्या तर पगारवाढ, महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या, दिवाळीला एक पगार बोनस. आज कोथरूड-एरंडवण्यातल्या बऱ्याच घरात महिन्याला दोन सुट्ट्या आणि दिवाळीला एक पगार ही रीतच पडून गेलीय, लोकांना वाटतं ही आपल्या आईची पद्धत होती. आई काही देत नव्हती हो, तिच्याकडून घेतलेलं आहे ते. पुढे बाकीच्या पण संघटना झाल्या, किरण मोघेंची पुणे जिल्हा घरकामगार संघटना आहे, मुंबईत आहेत, नागपुरात आहेत, आणि सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं मुंबईला आझाद मैदानावर धरणं धरून कायदा मागितला.

‘मोलकरीण’ शब्दाबद्दल एक सांगायचंय. शिकल्या-सवरलेल्या लोकांना तो शब्द आता टोचतो, म्हणतात घरकामगार म्हणा. मला पण टोचायचा. पण त्या आजी म्हणाल्या की मोलानं काम करते ती मोलकरीण, त्यात काय वंगाळ, मोल दिलं नाही ते वंगाळ. सरकारने मात्र तिसराच शब्द आणला, ‘घरेलू’. हा कुठला मराठीतला हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

तर तो 2008 चा कायदा. संघटनांचं म्हणणं पहिल्यापासून होतं की आम्हाला माथाडीसारखं मंडळ द्या. माथाडी कायदा हा आपल्याच राज्याचा, 1969 चा, आणि त्याची सगळी गंमत एका गोष्टीत आहे, ती म्हणजे लेव्ही. हमालाचा मालक एक नाही, आज या गाळ्यावर उद्या त्या गाळ्यावर, तरी कायद्याने काय केलं की मजुरी आणि त्याच्यावर अमुक टक्के लेव्ही मालकाने मंडळात भरायची आणि मंडळ त्यातून पगार, रजा, बोनस, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी सगळं बघणार. पाच घरं करणारी बाई आणि पाच गाळे करणारा हमाल, कामाची रचना अगदी सारखीच आहे की. 1981 ला सुरक्षा रक्षकांसाठी पण असंच मंडळ केलं. मग घरकामगारांच्या वेळी काय झालं? मंडळ दिलं, लेव्ही काढून घेतली. सरकारचं अनुदान आणि बायकांनी भरायची वर्गणी यावर मंडळ चालवायचं, आणि 18 ते 60 वयाच्या नोंदणी केलेल्या बाईला बाळंतपणाला मदत, अपघाताला मदत, मुलांच्या शिक्षणाला मदत, मेली तर अंत्यविधीला मदत. सगळीकडे मदत. पगार किती, सुट्टी किती, काढताना काय द्यायचं, यावर एक ओळ नाही. मालक त्या कायद्यात आहे, मंडळावर त्याचा प्रतिनिधी पण घ्यायची सोय आहे, फक्त त्याच्या खिशाला हात लावलेला नाही.

कायदा 2008 चा आणि मंडळ प्रत्यक्षात आलं 2011 ला. मावशींनी 2013 च्या एका शिबिरात नोंदणी केली होती, त्यांच्याकडे ते कार्ड आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत रेशनकार्डाबरोबर जपून ठेवलेलं. नोंदणी दर वर्षी रिन्यू करायची असते हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि 2014 नंतर मंडळ जवळजवळ झोपलंच, तेव्हा सांगणार तरी कोण. 2021 च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत मुख्यमंत्र्यांनी टीव्हीवर जाहीर केलं की घरेलू कामगारांना 1,500 रुपये. वस्तीत केवढा आनंद. मग कळलं की नोंदीत कामगारांनाच, आणि नोंद चालू हवी. अख्ख्या महाराष्ट्रात अशा बसणाऱ्या बायका निघाल्या साधारण 1 लाख 5 हजार. एवढ्या बायका तर एकट्या पुण्याच्या उपनगरांतच भांडी घासत असतील असं माझं म्हणणं आहे. मावशी त्या यादीत नव्हत्या, कार्ड असून.

आणि त्यांच्याच खोलीत दुसरं उदाहरण बसलेलं होतं. नवरा गवंडी, त्याची नोंद बांधकाम कामगार मंडळाकडे. त्याला 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पहिला हप्ता 2,000 आला, नंतर परत आले, 2021 ला 1,500 आले, आणि पुढे मंडळाकडून संसाराच्या भांड्यांचा भलामोठा खोका आला, ताटं, वाट्या, पातेली, कुकर. पाच घरची भांडी घासणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर चमचा नाही आणि नवऱ्याला अख्खा सेट! मावशीच हसून सांगत होत्या. का बरं असं? बांधकाम मंडळ काही जास्त दयाळू नाही. 1996 च्या कायद्याने बिल्डरने बांधकाम खर्चाच्या 1 टक्का सेस भरायचा असतो, म्हणून तिथे पैसा साठलेला असतो, म्हणून कुठलंही सरकार आलं तरी वाटायला काहीतरी असतं. घरकामगार मंडळाच्या तिजोरीत मालकाकडून काही येतच नाही, सरकारला आठवण झाली की येतं, 55 वर्षं झालेल्यांना 10,000 रुपये सन्मानधन द्यायची योजना पण अशीच आठवण येईल तशी चालू-बंद होत आलीय. ज्या कामाच्या मालकाकडून एक रुपया घ्यायची कायद्याला हिंमत झाली नाही त्या कामगाराचं मंडळ असंच चालणार.

बरं, परत प्रकरणावर.

आम्ही संघटनेच्या लेटरहेडवर पत्र दिलं. मागणी साधी. कापलेले 1,080, त्या दिवाळीचा ठरलेला एक पगार 3,600, आणि 11 वर्षांचा हिशोब म्हणून दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे 1,800 गुणिले 11, 19,800. एकूण 24,480. ग्रॅच्युइटीच्या धर्तीवर मागतो आम्ही हे, कायदा नाही पण रीत पाडायचा प्रयत्न आहे, 1980 ला दोन सुट्ट्यांची पाडली तशी. उत्तर नाही आलं. दुसरं पत्र सोसायटीच्या चेअरमनला, त्यांनी फोन करून सांगितलं की हा त्या फ्लॅटचा खाजगी प्रश्न आहे, सोसायटी यात पडणार नाही. गंमत म्हणजे बायकांनी कुठल्या लिफ्टने जायचं, गेटवर पिशवी उघडून दाखवायची, यात सोसायटी रोज पडते.

मग एकदा साहेबांनी आम्हाला बोलावलं. चहा दिला, हे सांगायला पाहिजे. मॅडम म्हणाल्या आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवायचो, जुन्या साड्या, फराळ, मुलीला वह्या, लॉकडाऊनमध्ये दोन महिन्याचा अर्धा पगार दिला काम नसताना. सगळं खरं होतं, मावशींनी पण मान हलवली. साहेब जरा चिडलेले, म्हणाले उद्या माझ्या ऑफिसात येऊन युनियनबाजी कराल. आणि मग ते वाक्य आलं जे प्रत्येक प्रकरणात येतं, फक्त कधी येतं याचीच आम्ही वाट बघत असतो. "तसं बघायला गेलं तर मागच्या वर्षी चांदीची वाटी गेली होती, आम्ही काही बोललो नाही."

खोलीत एकदम शांतता. मावशींचा चेहरा बघवेना. माझ्याबरोबर जी सहकारी होती ती या बाबतीत पक्की आहे, ती म्हणाली साहेब, तक्रार करा ना, तारीख घालून करा, मागच्या वर्षी गेली आणि पगार चालू ठेवला असं पण लिहा. आणि पोलीस चौकीत बाईला चौकशीला बोलावून बसवून ठेवता येत नाही, तिच्या घरी येऊन चौकशी करायला लागते, अपवादात्मक कारण आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी असल्याशिवाय सूर्यास्तानंतर अटक करता येत नाही हे पण आम्हाला माहितीय. वाटी तिथेच बसली. वस्तीतल्या बायकांना हे दोन नियम पाठ करून घेणं हे माझ्या मते आमच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त उपयोगी काम आहे, कारण पगाराच्या भांडणात बाई मागे हटते ती पगारामुळे नाही, चोरीच्या नावाला भिऊन.

बैठक तशीच फिसकटली. आणि आता या प्रकरणातला खरा भाग, जो सांगायला मला जरा अवघडच वाटतं.

त्या घरी लावलेली नवी बाई आमच्याच वस्तीतली होती. चोवीस-पंचवीस वर्षांची पोरगी, नवरा दारू पिणारा, मूल दोन वर्षांचं. वस्तीत जुना नियम आहे की भांडण चालू असताना तोडलेलं काम दुसरीने धरायचं नाही, पण तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी तिने धरलंच असतं, तिला 4,000 कबूल केले होते. म्हणजे मावशींपेक्षा 400 जास्त! जी वाढ अकरा वर्षांच्या बाईने मागितली असती तर जड झाली असती ती नवीला पहिल्या दिवशी. रविवारच्या बैठकीत तिला उभं केलं आणि बायका तिच्यावर तुटून पडल्या, तुला लाज नाही का वगैरे. मला ते आवडलं नाही. सगळ्यात गरीब जी आहे तिच्याच डोक्यावर एकजुटीचं ओझं ठेवायचं आणि आपण टाळ्या वाजवायच्या, हे काही बरोबर नाही. मी तसं बोलले पण. तेव्हा मावशी स्वतः उठल्या आणि म्हणाल्या तिला बोलू नगा, तिनं काम सोडू बी नगं, फकस्त चार दिस जाऊ नगं, तिचे चार दिसाचे पैशे मी देते. शेवटी त्यांनी नाही दिले, बैठकीत जागेवर वर्गणी निघाली, दहा-वीस रुपये करत 640 जमले. चार दिवसांचे तिचे 533 होत होते.

चार दिवस ती गेली नाही. शिवाय त्या विंगमध्ये काम करणाऱ्या सात-आठ जणी त्या फ्लॅटच्या मॅडमनी "कोणी मिळेल का, अर्जंट" असं ग्रुपवर टाकलं तरी कोणी हो म्हणाल्या नाहीत. घोषणा नाही, बोर्ड नाही, काही नाही. गौरी-गणपतीचे दिवस होते. मी पण घरात बाई ठेवणारी आहे, आमच्याकडे येणाऱ्या ताई दोन दिवस आल्या नाहीत की माझी काय अवस्था होते ते मला माहितीय, त्यामुळे मॅडमचे ते चार दिवस कसे गेले असतील याची मला पूर्ण कल्पना आहे आणि थोडी कीव पण आली, कारण साहेब काही भांड्यांना उभे राहिलेले नसणार.

पाचव्या दिवशी साहेबांचा फोन. 10,000 देतो, विषय संपवा. आम्ही मावशींना विचारलं, त्या म्हणाल्या पंधरा. पंधराला ठरलं, दोन हप्त्यांत, पहिला लगेच आणि दुसरा दिवाळीला. 24,480 मागून 15,000 मिळाले, हे जिंकलं का हरलं ते ज्याचं त्याने ठरवावं, त्याच वर्षी अशा बऱ्याच बायकांना रिकाम्या हाताने जाताना मी बघितलंय.

पण पावती करायची वेळ आली तेव्हा अर्धा तास गेला. साहेबांनी कागदावर लिहून आणलं होतं, "आजारपणासाठी मदत म्हणून रु. 15,000 दिले." मावशींना वाचता येत नाही, मुलीने वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, मदत नगं, हिशोब लिवा. साहेब म्हणाले अहो एकच आहे, पैसे तर तेवढेच आहेत. मावशी म्हणाल्या एकच आहे तर लिवा की मग. मी मध्ये पडून म्हणणार होते की मावशी घ्या आता, पण नाही पडले ते बरं झालं. साहेबांचं म्हणणं असं दिसलं की हिशोब लिहिलं म्हणजे मी देणं लागत होतो असं होतं. बरोबर! तेच तर होतं. म्हणजे त्या माणसाला दोन शब्दांमधला फरक मावशींइतकाच नीट कळत होता आणि कायदा करणाऱ्यांना पण 2008 ला तो तेवढाच नीट कळत असणार, म्हणून तर त्यांनी अख्ख्या कायद्यात मदत मदत मदत लिहिलं. शेवटी मॅडमनीच पेन घेतलं, "मदत म्हणून" खोडलं आणि वर लिहिलं "2012 ते 2023 च्या कामाचा हिशोब चुकता." खाली सही केली. मावशींनी अंगठा दिला.

यावर लोक मला नेहमी एक मुद्दा विचारतात, की घर म्हणजे काही कारखाना नाही, उद्या लेबर इन्स्पेक्टर स्वयंपाकघरात येणार का. प्रश्न खोटा नाही. पण पहिली गोष्ट, घर हे कामाचं ठिकाण आहे हे आपल्या देशात एका कायद्याने आधीच मान्य केलंय, 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा, त्यात कामाच्या ठिकाणांच्या यादीत राहतं घर आहे आणि घरकामगार बाईची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. म्हणजे छळासाठी घर कामाची जागा आणि पगारासाठी मात्र देवघर, असं कसं चालेल? दुसरी गोष्ट, उरुग्वे. केवढासा देश तो, पण 2006 ला त्यांनी घरकामगारांसाठी कायदा केला, दिवसाला आठ तास, आठवड्याला 44, आणि इन्स्पेक्टरला घरात जायचं तर कोर्टाची परवानगी लागते, उंबरठा तसाच आहे. 2008 ला पगाराच्या वाटाघाटी बसल्या तेव्हा प्रश्न आला की मालकांच्या बाजूने बसणार कोण, घरांची काही असोसिएशन नसते. तर तिथली गृहिणींची एक संघटना पुढे आली आणि मालक म्हणून सह्या करायला लागली. मला ही गोष्ट फार आवडते. कोणीतरी म्हणालं की हो, आम्ही मालक आहोत. आपल्याकडे एवढी महिला मंडळं, भिशी ग्रुप, सोसायट्यांचे फेडरेशन, एकही अजून असं म्हणालेलं मी ऐकलेलं नाही.

जिनिव्हाला 16 जून 2011 रोजी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरकामगारांचा करार, 189 नंबरचा, मंजूर केला, 396 विरुद्ध 16 मतांनी. आठवड्याला सलग 24 तास सुट्टी, कामाच्या अटी कळतील अशा सांगायच्या, वगैरे सगळं त्यात आहे. भारताने बाजूने मत दिलं आणि आजपर्यंत तो मान्य करून सही केलेली नाही. पहिली मान्यता कोणी दिली, तर याच उरुग्वेने, 2012 ला. आमच्याकडे 16 जूनला दर वर्षी कार्यक्रम होतो, दर वर्षी तीच मागणी. 29 जानेवारी 2025 ला सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती सूर्यकांत आणि उज्जल भुईयां यांनी, एका प्रकरणात केंद्राला सांगितलं की समिती नेमा आणि घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट करता येईल का ते बघा. आम्ही पेढे वगैरे वाटले नाहीत. 1959 पासून संसदेत या विषयावर खाजगी बिलं येतायत आणि पडून राहतायत.

आता नवीन भर म्हणजे तासावर बाई पाठवणारी अॅप आलीत. सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांकडून उलाढालीच्या 1 ते 2 टक्के घ्यायची तरतूद आहे, कामगारांच्या निधीसाठी. म्हणजे बघा, तीच बाई, तीच भांडी, तोच ओटा, पण मध्ये कंपनी आली की लगेच कोणाच्या तरी खिशाला हात लावता येतो. वस्तीतल्या दोन पोरी गेल्यात तिकडे. युनिफॉर्म मिळाला म्हणून खूश आहेत, रेटिंगवरून रडतात.

मावशींना दुसरं घर मिळायला सव्वा महिना लागला. तिथे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, महिन्याला दोन सुट्ट्या, दिवाळीला पगार, आजारी पडले तर पंधरा दिवस वाट बघायची, आणि हे सगळं त्या घरच्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. नवी पोरगी जुन्या घरी अजून आहे, 4,500 वर. मावशींच्या नोंदणीचं मात्र अजून लटकलंय. फॉर्मला कामावर असल्याचा मालकाचा दाखला जोडायला सांगतात, नव्या मॅडम चांगल्या आहेत, नाव-पत्ता लिहून सही करायला एका पायावर तयार आहेत, फक्त त्या म्हणतायत की वर ‘मालक’ असं छापलंय ते खोडून दिलं तर चालेल का, आम्ही काही मालक वगैरे नाही हो. मी त्यांना पुढच्या आठवड्यात भेटायला जाणारे.